फुलवातींची थैली

आई, उद्या सकाळी मला ऑपरेशनसाठी इंदूरला नेणार आहेत आणि आज दिवसभर मी नातीसाठी थैली शिवत बसले आहे. सुई सारखी बोटात जाते. कापूस टावर चौकातून आणला, रिक्षात मांडीवर धरून. घरात सगळ्यांना वाटतंय, म्हातारीला बरा विरंगुळा सापडला. वाटू दे. तुला हे पोचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतो आहे. मला भीती वाटते आहे, आई. जेवणसुद्धा गेलं नाही.

तुझी थैली मला अजून लख्ख आठवते. मध्यभारत मोडून मध्यप्रदेश व्हायचा होता, ते वर्ष. कचेरी भोपाळला जाणार म्हणून बाबा हवालदिल, आणि त्यातच तुझ्या पोटातली गाठ काढायला इंदूरला जायचं ठरलं. तू काय केलंस, तर जुना खण काढून माझ्यासाठी थैली शिवायला घेतलीस. रोज अंघोळ झाली की कुणाशी बोलायच्या आधी मी देवासमोर बसून फुलवाती करायच्या, असा तुझा बेत. पहिल्या थैलीत डबीतली राख कापसात सांडली. बोटांना राख लावल्याशिवाय वातीला पीळ देता येत नाही, म्हणून तू डबीला वेगळा कप्पा केलास. मग तुला वाटलं, ही पोरगी सगळा कापूस एका बैठकीत संपवून खेळायला पळेल. तेव्हा तू एकेका दिवसापुरत्या कापसाच्या गुंडाळ्या करायला लागलीस. "जल्दी करायची नाही. नाकाने हळू श्वास घ्यायचा. कापूस उडाला की समजायचं, आपण घाबरलोय. मग हात जमिनीवर टेकायचे, थोडं थांबायचं, आणि परत घ्यायचं." माझं लक्ष तुझ्या बोलण्याकडे कुठे होतं? मी गुंडाळ्या बघत होते. आठवड्यात परत येते म्हणणारी बाई एवढ्या गुंडाळ्या कशाला करते? तू भरत होतीस, थैली फुगत होती, आणि मी एकेक गुंडाळी मोजत होते.

जायच्या आदल्या संध्याकाळी तू थैलीत नाडी ओवत बसली आहेस. मी विचारते, "आई, तुला डर वाटतो का गं?" मला वाटतं, आता ही हसेल, नाहीतर रागावेल. तू मान वर करतेस. "वाटतो ना. फार वाटतो. म्हणून तर हे करतेय. ये, बस इथे." आपण दोघी बसतो. आधी माझा कापूस उडतो, मग तुझाही. तू हात जमिनीवर टेकतेस, तुझं बघून मीही टेकते. बाबा दारात येतात, आपल्याला तसं बसलेलं बघतात आणि परत फिरतात.

दुसऱ्या दिवशी देवास गेटच्या मोटारस्टँडवरून तुमची मोटार सुटली आणि त्यानंतर रोज सकाळी मी देवासमोर बसले. भीती काही गेली नाही. पण एक गुंडाळी संपेपर्यंत ती माझ्या शेजारी गप्प बसायची, एवढं खरं. तू परत आलीस, पिवळीफटक, बाबांच्या खांद्याला धरून. पुढे पुष्कळ जगलीस, भोपाळच्या पाण्याला नावं ठेवत. उरलेल्या गुंडाळ्यांच्या वाती आपण त्या दिवाळीत वापरल्या.

मघाशी नात शेजारी येऊन बसली. थैलीत हात घालून तिने गुंडाळ्या चिवडल्या. "आजी, इतक्या सगळ्या? तू तर लगेच येणार आहेस ना?" मी म्हटलं, हो. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला भीती वाटतेय?"

"छे गं," मी म्हणाले, "मला कसली भीती?"

तिने मान हलवली आणि उठून गेली. दाराशी जरा थांबली होती. तेव्हा तरी हाक मारायला हवी होती, आई. नाही मारली.