मूळ वाक्य

वॉशिंग्टन, मार्च १९८४

वेरा मावशी,

हे पत्र मी तुला लेनिनग्राडला पाठवणार नाही. कुणाच्या हाती लागलं तर मी हेर ठरेन. इथे सिनेटच्या एका समितीत मी रशियन कागदांचं भाषांतर करते. मॉस्कोहून आलेल्या पत्रात 'आम्हाला युद्धाची भीती वाटते' असं होतं.

सिनेटर हॅल्व्हर्सन म्हणाले, "रशियन कसले घाबरतात! 'आम्ही युद्धाला तयार आहोत' असं लिही."

"साहेब, तसं त्यात नाहीये."

"तुझं आडनाव कुठलं आहे, ते विसरू नकोस."

आज भर बैठकीत मी मूळ वाक्यच वाचलं. नव्या क्षेपणास्त्रांवरचं मतदान पुढे ढकललं गेलं आणि माझं ओळखपत्र काढून घेतलं. आईला अजून सांगितलेलं नाही. सकाळी ती सँडविच बांधून देईल, आणि मी कामाला निघाल्यासारखी बाहेर पडेन.

तुझी भाची,
लिदा