दोनशे चौदा चेंडू

बुधवार पेठ, सोलापूर
८ जून २०२५

चि. यशपाल यास,
सिद्रामदादाचा सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

या पत्राचा फोटो काढून धम्मप्रिया फोनवर धाडणार आहे. तरी आजोबा शाईच्याच पेनानं का लिहितात, याचं नातीला हसू येतं. येऊ दे.

साठी ओलांडलेली आपली पोरं इंग्लंडच्या गावोगावी खेळायला गेली, आणि एकेचाळीस वर्षं त्यांच्या धावा मांडणारा मी घरी राहिलो. मोतीबिंदूनं ज्याला चेंडू दिसत नाही, त्याला वहीपाशी कोण बसवणार? पण वही खंडित होणार नाही. कुणी किती चेंडू टाकले ते सगळं कळव. मी भिंग धरून उतरवून घेईन.

तुझे बळी चारशे नव्याण्णव. पाचशेवा मी याच डोळ्यांनी, माझ्याच हातानं मांडणार, मगच शस्त्रक्रिया. डॉक्टरांची तारीख दोनदा परतवली. तुझ्या विठाबाई वहिनी म्हणतात, या माणसाला नवरा म्हणावं की स्कोअरबोर्ड!

जेऊरच्या शाळेत तुझ्या चौथीच्या वर्गाला मी चालीवर कविता शिकवली, ती तुझ्या पायांत उतरली. अकरा पावलं, एक ओळ, आणि शेवटच्या शब्दावर चेंडू सुटतो. मराठी शाळेतली ओळ आपल्यावर चालून येते आहे, हे त्या इंग्रज फलंदाजाला काय ठाऊक!

वाट पाहतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा


लडलो, इंग्लंड
१२ जून

ती. दादांस,
यशपालचा सविनय जय भीम. वि. वि.

दादा, पाचशेवा मिळाला! माझ्या चौथ्या षटकाचा पाचवा चेंडू, समोर इथलाच एक म्हातारा बेकरीवाला, दांडी गुल. मला उचलताना आपल्या महादेवप्पाचीच कंबर धरली. चहाच्या सुट्टीत त्यांनी गार सँडविच दिलं, आम्ही शेंगाचटणी काढली. त्यांच्या कप्तानाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण डबा काही त्यानं सोडला न्हाय.

पस्तीस षटकांचा डाव होता. मी चार षटकं, अकरा धावा, एक बळी. महादेवप्पा पाच षटकं, चार चेंडू. बाकीच्यांचं सोबतच्या कागदावर हाय. हे एकदाचं मांडा आणि वहिनींचं ऐका, डोळा करून घ्या. लई दिवस लावलेत.

धाकट्यावर जीव हायच, तो असाच राहू द्या.
आपला यशपाल


सोलापूर
१४ जून

चि. यशपाल यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

भिंग धरून तीनदा बेरीज केली. पस्तीस षटकांचे चेंडू दोनशे दहा. तुझ्या कागदावर भरतात दोनशे चौदा. वाईड, नोबॉल मी आधीच वेगळे काढले.

महादेवप्पाच्या नावापुढे सुटे चार चेंडू आहेत. पूर्ण झालेल्या डावात सुटे चेंडू कुणी हौसेनं टाकत नाही, बाळा. दुसऱ्या कुणाचं षटक दोन चेंडूंवर राहिलं, तरच ते टाकावे लागतात. मग ते षटक कुणाचं? मी मास्तर होतो. उत्तरपत्रिकेत शेजाऱ्याचं उत्तर मला ओळखू येतं.

पाचशे अजून पेन्सिलीत आहेत. वहिनींनी दवाखान्याची पिशवी आनंदानं भरली होती, ती दाराशी तशीच पडून आहे.

रागावलो आहे, तरी जीव तुझ्यातच आहे.
दादा


श्रूजबरी
१५ जून

ती. दादांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमच्यापुढं काही लपत न्हाय. दुसऱ्या चेंडूला माझा गुडघा गेला. मला उचललं ते बाहेर न्यायला. उरलेले चार महादेवप्पानं टाकले, त्यातच बेकरीवाला बाद झाला. महादेवप्पा म्हणाला, मास्तरांना तुझ्याच नावावर कळव की, मला विकेटींचं काय लोणचं घालायचंय! मी कागदावर माझं षटक पुरं केलं, पण त्याच्यापुढचे चार चेंडू कमी करायला विसरलो.

असं का केलं, तेही सांगतो. तुम्ही जिन्याची पायरी चुकून पडलात, हे धम्मप्रियानं मला फोनवर सांगितलं होतं. तुम्ही मला कळवलं न्हाय. मला वाटलं, पाचशे झाले की डोळा तरी वाचेल.

पुसून टाका. पण परवा हेरफर्डला शेवटचा सामना हाय आणि मी गुडघ्याला पट्टा बांधून गोलंदाजी करणार. कप्तान चन्नवीर म्हणतो, स्लिपमध्ये नुसता उभा राहा. त्याला सांगितलं, उभंच राहायचं असतं तर होटगीच्या सिग्नल केबिनमधून रिटायर कशाला झालो असतो?

चुकलो. पदरात घ्या.
यशपाल


सोलापूर
१६ जून

चि. यशपाल यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पाचशे पुसले. माझी अटही पुसली. तू खोटं लिहिलंस, पण ते लिहायला मी लावलं. गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. तू बळी घे किंवा घेऊ नकोस, मी जाणार.

आणि ऐक. अकरा पावलं जमत नसतील तर तीन टाक. अख्खी ओळ म्हणायची गरज नाही, शेवटचे तीन शब्द पुरे.

मनानं तिथंच आहे.
दादा


हेरफर्ड
१७ जून

ती. दादांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तीनच पावलं टाकली. सहा षटकं पुरी केली. शेवटच्या चेंडूवर झेल उडाला, मिड-ऑनला, सरळ महादेवप्पाच्या हातात. सुटला! तो गवतावरच बसला, डोकं धरून. मीच लंगडत जाऊन त्याला उठवलं आणि म्हटलं, मर्दा, ऊठ, तुझी विकेट तुला परत दिली, हा झेल राहू दे.

सहा षटकं, एकोणीस धावा, शून्य बळी. सगळ्यांचे मिळून चेंडू दोनशे दहा. मी तीनदा मोजले.

डोळा सांभाळा. वहिनींना नमस्कार.
यशपाल


सोलापूर
२३ जून

चि. यशपाल यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पट्टी निघाली. वहीच्या रेघा निळ्या आहेत, हे मी विसरूनच गेलो होतो. घरी आल्यावर पहिल्यांदा शाईनं तुझं शून्य मांडलं. इतकं गोल शून्य पाटीवरही कधी जमलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, भोपळा काढून एवढं हसणारा मास्तर पहिल्यांदाच पाहिला.

परवा विमानात बसशील. गुडघा आधी डॉक्टरांना दाखव. ते हो म्हणाले, की आपल्या मैदानावर होटगीच्या रेल्वेवाल्या म्हाताऱ्यांशी सामना ठरवू. वहीपाशी मी बसणार. चारशे नव्याण्णवच्या पुढचा चौकोन कोरा ठेवला आहे. तीन पावलांनी ये. चेंडू आता मला दिसतो.

तुझा दादा