आईला नागपुरात ठेवण्याचा माझा प्लॅन

५ मे, सोमवार
बाबांची तेरवी काल आटोपली. सगळ्यांनी बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली. दुःखात माणसाला भूक बरी लागते.
नूपुर, माझी धाकटी बहीण, आज रायपूरला परत गेली. निघताना सगळ्यांसमोर म्हणाली, महिनाअखेर येते आणि आईला घेऊन जाते, ती इथे एकटी कशी राहील? मी म्हटलं, एकटी कशी? मी आहे ना. तर म्हणते, "दादा, पुण्याहून येऊन चार महिने झाले, तुझी बॅग अजून उघडलेली नाही." मामा हसले. मामांना हसायला कारण लागत नाही.
ठराव: महिनाअखेरच्या आत नागपुरातच नोकरी. आई आपल्या घरात राहील, मी तिला सांभाळीन. दहा वर्षांचा अनुभव आहे. इथल्या कंपन्यांना माझ्यासारखा सॉफ्टवेअर डेव्हलपर मिळतो कुठे?
(पुण्याची नोकरी मी स्वतः सोडली. कंपनीने फक्त तारीख ठरवली.)

७ मे
एका कंपनीतून फोन. सोनिका नावाची एचआर. म्हणाली, स्वतःबद्दल थोडं सांगा. रेझ्युमे समोर उघडा असताना विचारते. मी म्हटलं, रेझ्युमेत आहे. तिने 'ओके' म्हणून विषय बदलला. मुद्देसूद माणसाची सवय नसावी. टेस्टची लिंक पाठवणार आहे.

९ मे
हेडफोन घ्यायला बर्डीच्या बाजारात गेलो. डोक्याला दुपट्टा बांधूनही मुंडन केलेलं डोकं तव्यासारखं तापलं. दुकानदार म्हणे, "भाऊ, कॉल सेंटरमध्ये लागून राहिले का?" पैसे दिले आणि निघालो. माणसाची पारख हा काही हेडफोनवाल्यांचा विषय नाही.
उद्यापासून पहाटे उठून तयारी.

१० मे
उद्यापासून.

११ मे, रविवार
टेस्ट दिली. पहिला प्रश्न: नावांच्या यादीतून दोनदा आलेली नावं काढून टाका. कॉलेजच्या पोरांचा प्रश्न. असल्यावर मी वेळ घालवत नाही, थेट दुसरा घेतला. दुसरा चुकीच्या पद्धतीने विचारलेला होता. तो अर्धा झाला तेव्हा वेळ संपली. पहिल्याकडे परतायचं राहिलं.
आई विचारत होती, पेपर कसा गेला. सांगितलं, पेपर नसतो.

१३ मे
सोनिकाचा फोन. स्कोअर कट-ऑफच्या खाली आहे, पण अनुभव पाहून टीमचे प्रमुख पियूष सर एकदा बोलतो म्हणाले. म्हणजे कट-ऑफ चुकीचा होता, हे त्यांनीच मान्य केलं.
पियूष सर! प्रोफाइल पाहिलं. माझ्याहून सात वर्षांनी लहान. फोटोत हाताची घडी.

१६ मे, शुक्रवार
इंटरव्ह्यू झाला. सविस्तर लिहितो.
आवाज नको म्हणून कूलर बंद केला. आई म्हणाली, "अनंता, उकडून मरशील, काहून बंद केला?" दार लोटून घेतलं. व्हिडिओ सुरू झाला. पियूष माझ्या डोक्याकडे पाहत होता. पहिला प्रश्न विचारणार, तेवढ्यात दार उघडून रुपराव काका आत आले आणि माझ्या मागे पलंगावर बसले.
रुपराव काका म्हणजे बाबांच्या ऑफिसातले सोबती. मौद्याला असतात. तेरवीला जमलं नाही म्हणून आज भेटायला आले. मी हाताने खुणावलं. त्यांना वाटलं, जवळ बोलावतो आहे. तेरा दिवस आमचे लांबचे नातेवाईक असेच व्हिडिओवर भेटून गेले, हे आईने त्यांना बाहेर सांगितलंच होतं. झालं. काका स्क्रीनमध्ये डोकं घालून म्हणाले, "हे कोन गा? अमेरिकेवाले काय?" आणि पियूषलाच सांगायला लागले. "काय सांगू भाऊ, देवमाणूस गेला. कोनाच्या ध्यानीमनी नाही. सकाळी चहा घेतला, पेपर मांगतला, अन् बसल्या जागी..."
पियूषने हात जोडले. तो तरी काय करणार.
चहा घेतला, हे चूक आहे. बाबांनी चहा घेतलाच नव्हता, कप भरलेला होता. मी तेवढी दुरुस्ती केली. एक दुरुस्ती केली की पुढचं सगळं नीट सांगावं लागतं. आतापर्यंत आलेल्यांना आईच सांगायची, मी पाणी द्यायचो. ॲम्ब्युलन्सला गल्ली सापडेना म्हणून मी चौकापर्यंत अनवाणी पळालो, ते आईला माहीत नाही, म्हणून तेही सांगितलं. काका म्हणाले, "सांग बापू, सांग." इंटरव्ह्यूची वेळ यातच संपली.
पियूषने शेवटी एकच प्रश्न विचारला, आई कशा आहेत? मग पुन्हा हात जोडले आणि कॉल बंद केला. बाय नाही, थँक यू नाही. दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, ते त्याने पाळलं. मुलगा वळणाचा आहे.
टेक्निकल प्रश्न एकही झाला नाही, म्हणजे एकही चुकला नाही. निवड पक्की.
बाबा असते तर दाराबाहेर खुर्ची टाकून बसले असते, कुणाला आत सोडलं नसतं. कॉलेजच्या परीक्षांच्या वेळी बसले होते. नोंद म्हणून लिहिलं.

१९ मे
आईला आणि नूपुरला नोकरी लागल्याचं सांगून टाकलं. नूपुर म्हणाली, लेटर आलं का? संशयी स्वभाव.
ठराव: सकाळी सहाला उठून आईला चहा करून देणे.

२० मे
नऊला उठलो. आईने चहा दिला.

२३ मे
सोनिकाची मेल. दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. मेल चुकून आली असणार, असं कळवलं. तिने उलट कळवलं, चुकून आलेली नाही. ही बाई स्वागतकक्षात बसवायच्याही लायकीची नाही.
आईला अजून सांगितलेलं नाही. तिने विचारलेलंही नाही.

२४ मे, शनिवार
पियूषचा फोन. चूक लक्षात आली असणार म्हणून पहिला उचलला नाही. थोडी किंमत कळू द्यावी. दुसरा उचलला. जागा भरली म्हणाला. "दादा, इतक्यात कुठे इंटरव्ह्यू देऊ नका. थोडे दिवस आईजवळ बसा. पुढच्या वेळी मीच घेईन."
काल नोकरीला लागलेला पोरगा मला सल्ला देतो. याच्या हाताखाली मी काम केलंच नसतं. नंतर अर्धा तास बोललो, मुख्यतः बाबांबद्दल. त्याने विचारलं म्हणून.

३१ मे, शनिवार
नूपुर आली. रायपूरची दोन तिकिटं काढूनच. मी मार्केट डाऊन असल्याचं सविस्तर सांगायची तयारी केली होती, पण ऐकायला कुणी थांबलं नाही. त्या दोघी स्वयंपाकघरात होत्या. मी पाणी प्यायला जात होतो, म्हणून दाराशी ऐकू आलं.
आई म्हणाली, "मी नाही येत वं."
नूपुर म्हणाली, "त्याला नोकरी नाही लागली आई. नकाराची मेल आली असणार त्याला, मी ओळखते."
"मले माहीत आहे. म्हणूनच तर नाही येत. ते गेल्यापासून हा धड जेवत नाही, धड बोलत नाही. माझं काय, मी कुठंही राहीन. याले एकट्याले कसं सोडू?"
नूपुर म्हणाली, "आणि हा मला सांगून राहिला होता, मी आईला सांभाळतो म्हणून."
आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.
पाणी न पिता परत आलो. आई नागपुरातच राहणार, म्हणजे ठराव तारखेच्या आत पूर्ण झाला. कोण कोणाला सांभाळणार, एवढाच बदल आहे. नूपुरला तसं स्पष्ट सांगितलं. ती "हो दादा" म्हणाली आणि आईचं तिकीट रद्द करायला माझा लॅपटॉप घेऊन बसली. मला विचारलंही नाही. पासवर्ड आईने सांगितला.