कांडी वाकली, तडकली नाही

तुमच्या चरणी नमस्कार.

शाल पोचली. टपालखर्चात दुसरी आली असती! गुडघा कसा आहे?

आता आनंदाची बातमी. आपली धाकटी प्रयोगशाळेत वितळलेला धातू इतक्या झटकन गार करते, की तो आतून काचेसारखा होतो. पोलादाहून बळकट, पण ताण पडला की तडकायचा. कालच्या शेवटच्या चाचणीतही तडकला असता, तर तिचं काम बंद पडलं असतं.

चाचणीला तिनं मलाही नेलं होतं; मी देवाचं नाव घेत उभी होते. यंत्राखाली त्या धातूची कांडी वाकली आणि आता मोडलीच असं वाटून मला रडूच फुटलं.

"अगं आई, वाकली म्हणून तर जिंकलो! आता याच्या तुळयासुद्धा होतील!"

इथे तिच्या खोलीवर येऊन पोटभर जेवली, मग हळूच म्हणाली, "बाबांना कळवशील?" तिनं घर सोडल्याचा तुमचा राग तिला अजून टोचतो. तेव्हा उलट टपाली मला नको, तिला दोन ओळी लिहा.

तुमचीच