ओढ्यात वतलेला चहा

आष्टा,
१८ ऑक्टोबर २०२५

मानसिंगमामा,

पाया पडती. आमी सगळी बरी हाय. तुमी आन मामी बी बरं असाल. तुमच्या पुस्तकाचं टायपिंग झालं. पानं पिशवीत घातल्यात.

मला तोंडावर बोलता येत न्हाई, तुमाला ठावं हाय. तुमी आमच्या टायपिंगच्या दुकानात येता तवा मी खाली मान घालून टाइप करत असती. म्हणून लिवती.

नववीतनं शाळा सुटली तरी तुमचं पुस्तक मला कळलं. अडीचशे वर्सांमागं अमेरिकेतल्या लोकांनी इंग्रजांचा चहा बोस्टनच्या समुद्रात टाकला, आन लंडनच्या काही मासिकांनी त्यांना दंगेखोर ठरवलं. उपकार विसरलेली लेकरं म्हणली. तुमी लिवलंय, "बोस्टनला पाय न ठेवता यांनी बोस्टनवर लिहिलं. चहा फेकला हे छापलं. का फेकला, हे तिथल्या एकाही माणसाला विचारलं नाही."

हितं माझं हात थांबलं.

आवं मामा, आमच्या ओढ्यावरच्या पुलाचा नारळ तीनदा फुटला. पूल न्हाई. पाणी आलं की पोरींची शाळा बंद. माझी कायमचीच झाली. जुलैत साहेब लोक तिसरा नारळ फोडाय आले, तवा अंगणवाडीची मदतनीस म्हणून आईला चहा कराय लावला. आईनं पातेलं उचलून ओढ्यात वतलं. "पूल झाल्यावर प्या," म्हणली. एवढंच.

म्होरच्या आठवड्याला साप्ताहिकात 'निरीक्षक' नावानं लेख आला. चिथावणीखोर मदतनीस. भडकलेला जमाव. उपकाराची जाण नसलेल्या बायका. त्योच कागद नोटिशीला जोडून आईला घरी बसवलं. आई रोज म्हणती, ह्यो निरीक्षक कोण मुडदा घावला तर पायतान काढीन. आन म्हणती, सांगलीला माझा भाऊ लिवणारा हाय, त्यो देईल उत्तर.

तिला मी अजून सांगितलं न्हाई. त्यो लेख मीच टाइप केला, मामा. तुमच्या अक्षरातनं. तुमचं शुद्धलेखन बी नीट केलं. पुस्तकाचं प्रकाशन त्याच नारळ फोडणाऱ्या साहेबांच्या हातनं हाय, ते बी पहिल्या पानावर मीच टाइप केलं.

त्या साप्ताहिकाची पानं बी दुकानात मीच लावती. तुमी प्रूफ कवाच बघत न्हाई. "पोरगी बघती," म्हणून सोडून देता. या खेपेला तुमचा लेख आला न्हवता, जागा मोकळी हुती. मी पुस्तकातलं त्ये पान लावलं. बोस्टनच्या जागी फकस्त आमच्या वाडीचं नाव घातलं, आन 'निरीक्षक'च्या म्होरं तुमचं खरं नाव. फाईल छापाय गेली.

बुधवारी अंक येईल. आई मलाच मोठ्यानं वाचाय लावती. गुरुवारी भाऊबीज. तुमचा पाट मांडायचा का न्हाई, त्ये तिचं ती बघंल.

त्याच्या आत सवताच्या तोंडानं सांगणार असला तर या. ओढ्याला पाणी हाय, गाडी अलीकडंच लावा. पाण्यातनं चालत या.

चहा मी करणार न्हाई.

राजेश्वरीची पोरगी,
संयोगिता