समुद्रावर मारलेली हाक

९ फेब्रुवारी २०२५

पुन्हा 'अवो'! अंदमानहून येऊन महिना होत आला आणि मी होतो तिथंच आलो. सकाळपासून चालू आहे — अवो, दूध आलं. अवो, मोटर बंद करा. अवो, टावेल खाली पडून राहिला.

तिथल्या हॅवलॉक बेटावर मात्र मला नाव होतं. एकदाच, पण होतं.

खताच्या कंपनीने यंदा आम्हा कृषी केंद्रवाल्यांना सपत्नीक नेलं. एरवी कुठंकुठं नेतात, पण एकट्याला. नंदाने गावात, कामठ्यात, आधीच सांगून ठेवलं होतं — 'कंपनीनं मले बलावलं. हे संगं येऊन राहिले.' हावड्याच्या गाडीत बसल्यापासून तिचा थाटही तसाच. मी सामान उचलायला, ती खिडकीला.

तर हॅवलॉकच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मी फोटो काढून घेत होतो. पाठ समुद्राकडे. मी नहरात पोहून वाढलेला माणूस, लाट माझं काय करणार! तिने केलं. उलटापालटा होऊन वर आलो तेव्हा चष्मा गेलेला, तोंडात मीठ, आणि वाळूवरून नंदाचा आवाज — 'केवळराम! केवळराम!' सगळ्या दुकानदारांच्या चपला तिच्याकडे राखायला दिलेल्या. त्या छातीशी धरून ओरडत होती.

लग्नाला तीस वर्षं होत आली. बायकोच्या तोंडून नावाने हाक पहिल्यांदा ऐकली. मी तिला दिवसभर नंदा, नंदा करतो. तिचं 'अवो'च्या पुढे कधी गेलं नाही. आमच्याकडे जातच नाही.

मला ती हाक पुन्हा एकदा ऐकायची आहे. या वयात हे काय सुचलं — पण सुचलं खरं.

१२ फेब्रुवारी

ठरवलं होतं, 'अवो'ला ओ द्यायची नाही. पेपर वाचत बसून राहिलो. दोनतीन हाका झाल्या. मग तिने ताटावर चमचा वाजवला. वांग्याच्या भाजीचा वास येत होता. उठलो.

१६ फेब्रुवारी

दुकानात हिरालाल आला, उन्हाळी धानाला युरिया न्यायला. त्याला काचेच्या तळाच्या बोटीतली गोष्ट सांगत होतो — खाली लाल मासे, निळे मासे, काय काय. मागून नंदा डबा घेऊन आली. 'यायचा चश्मा तं समुद्रात. मी सांगत गेली, हे मान हलवत गेले.'

हिरालाल इतका हसला की युरियाचं पोतं विसरून गेला.

आहे खरं. परत येईपर्यंत मी सगळं अंदमान धूसरच पाहिलं. पाहिलं म्हणजे नंदाने सांगितलं. 'हे पाहा, कोनं तरी घासनी टाकली पान्यात. अवो, ते तं चालून राहिली!' ती काटेरी वस्तू म्हणजे समुद्रातला जीव आहे, असं बोटवाला म्हणाला. नंदाला अजून पटलेलं नाही.

पण एक लिहून ठेवतो. चष्मा असता तर ती इतकी चिकटून बसली नसती. सारा वेळ तिचं तोंड माझ्या कानाशी. मी दोनदा मुद्दाम म्हणालो, 'कुठं? दिसत नाही.'

२४ फेब्रुवारी

बँकेत नंदाच्या खात्याचं काम होतं. मनात म्हटलं, आता कशी सुटते पाहू. मुद्दाम मागे उभा राहिलो. खिडकीतली बाई म्हणाली, 'माताजी, पति का नाम बोलिए.'

नंदाने आधार कार्ड पुढे सरकवलं. 'वाचता येते ना तुमाले?'

बाईने वाचलं. मोठ्याने वाचलं. आवाज चांगला होता, पण मला त्या बाईच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

३ मार्च

बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान आज सारखं गावावर घिरट्या घालत होतं. याआधी नंदाने कधी मान वर केली नव्हती. आता अंदमानला जाऊन आल्यापासून जाणकार झाली आहे. गच्चीवर मिरच्या वाळत घालता घालता सुनेला, आचलला, सांगत होती — 'याचा हात अजून कच्चा हाये. आमचा ढगातून नेत होता, पन चहा सांडला नाही.'

चहा सांडला होता. माझ्या पॅन्टवर.

११ मार्च

गोंदियाच्या बाजारात गर्दी होती. ती बांगड्या पाहत होती, मी हळूच सरकून कापडाच्या दुकानाबाहेर लावलेल्या ताग्यांमागे उभा राहिलो. हरवलेल्या नवऱ्याला बाई काय करेल? हाक मारेल! मी कान लावून.

खिशातला फोन वाजला. 'थानामांगं कायले उभे राहिले? पाय दिसून राहिले तुमचे.'

घरी येऊन तिच्या फोनमध्ये माझा नंबर कोणत्या नावाने आहे ते पाहिलं. 'हे'. नुसतं 'हे'. स्वप्निलला विचारलं, तर पोरगा म्हणतो, 'आईनंच तसं टाकायला सांगितलं, बाबा.'

१८ एप्रिल

गावातल्या शालीकरामच्या मुलीचं लग्न. बायकांनी नंदाला घेरलं — अंदमानवाली, नाव घे! मी मांडवाच्या कापडाला कान लावून उभा. तिने घेतलं :

'हॅवलॉकच्या समुद्रात लाटा येतात मोठ्या,
केवळरामरावांच्या गोष्टी निम्म्याहून खोट्या.'

बायका अशा हसल्या की बँडवाले थांबून पाहायला लागले. जेवताना तीनचार जणांनी मला तोच उखाणा ऐकवला. राग आला नाही. उलट जिलेबी जास्त खाल्ली.

पण उखाण्यातलं नाव म्हणजे पंगतीतला लाडू. बसेल त्याला मिळतो. मला हाक पाहिजे, माझ्या एकट्यासाठी मारलेली.

२६ एप्रिल

उद्या चोरखमाऱ्याला जातोय, मेहुणी शामकलाकडे. तिथला तलाव मोठा आहे. डोक्यात एक गंमत आली आहे.

२७ एप्रिल

करायला नको होतं.

संध्याकाळी आम्ही दोघंच तलावाकडे गेलो. नंदा पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसली. म्हणाली, 'समुद्रापक्षा हाच बरा, मिठाचा नाही.' मी आंघोळीला उतरलो. जरा खोलात गेलो, हात वर केला, अंग सोडून दिलं आणि खाली बसलो. श्वास धरून. पाण्यातही ऐकू येतं. आता येईल, आता येईल म्हणून थांबलो.

काहीच आलं नाही. छाती फुटायला आली तेव्हा हसत वर आलो. पाळीवर नंदा नव्हती.

ती पाण्यात होती. गळ्याएवढ्या. लुगडं फुगून वर आलेलं, दोन्ही हातांनी पाणी मागे लोटत माझ्याकडे येत होती. हाक नाही, रडणं नाही, तोंड गच्च मिटलेलं. नंदाला पोहता येत नाही. पुढचं पाऊल खोलात होतं.

कसा पोचलो माहीत नाही. दंडाला धरून ओढून काठावर आणली. म्हटलं, 'अगं, गंमत केली.' तिने माझ्याकडे पाहिलं, पदर पिळला आणि बहिणीच्या घराकडे चालायला लागली. मी मागे.

मेहुणीला म्हणाली, पाय घसरला. माझं नाव सांगितलं नाही. तिने अजून एक पाऊल टाकलं असतं तर मी काय केलं असतं?

२९ एप्रिल

कामठ्याला परत. बोलणं आचलमार्फत. 'तुया सासऱ्याले सांग, जेवन वाढलं.' सासरा समोरच बसलेला. आचल मला हळूच म्हणते, 'बाबा, तुमी काय केलं जी?' म्हटलं, वरण वाढ.

३० एप्रिल

आंबे आणले. 'मिळाले' असा निरोप आचलमार्फत आला.

२ मे

मीच बोलून पाहिलं. ती मिरच्यांचे देठ खुडत होती. 'नंदा, चुकलं माझं. पुन्हा असं करनार नाही.' देठ खुडत राहिली. हिरालाल आला होता, तिच्याकडे पाहून म्हणाला, 'वहिनी, मासे दिसले नाही का यायले?' ती हसली नाही. मग तो उठून गेला.

३ मे

आज दिवसभरात एकदाही 'अवो' नाही. दोनदा वाटलं, आली हाक. उठून आत गेलो. कुकरची शिट्टी होती.

४ मे

सकाळी सडा टाकता टाकता बोलली. माझ्याकडे न पाहता.

'उखान्यात नाव घेते थे कौतुकानं. तिथं समुद्रावर घेतलं, कारन तुमी गेले असंच समजली होती मी. गेलेल्या मानसाले नावानं बोलावते बाई. जित्याले अवो म्हनते.'

बादली उचलून आत गेली. मी अंगणातच उभा राहिलो.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, 'अवो, चहा झाला.'

देवा, माझं हेच नाव असू दे.