अनुभवाची अट

३ जानेवारी
रुजू झालो. पद: डायरेक्टर. निवृत्तीनंतर दोन वर्षं घरी बसलो होतो, ते संपलं. केबिन आहे, दारावर माझं नाव आहे. उपग्रह चॅनल अजून सुरू व्हायचं आहे, लायसन्स यायचं आहे. चेअरमन लिफ्टपर्यंत घ्यायला आले. म्हणाले, सर, अर्जातली तुमची जागा दुसऱ्या कुणाला भरताच आली नसती. वय एकतीस, पण पारख आहे.

सरकारी टीव्ही केंद्रात सव्वीस वर्षं ड्यूटी रूममध्ये होतो. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटी कधी लावायची, हे मी ठरवायचो. अनुभव वाया जात नाही.

संकल्प: रोज लिहायचं.

१७ जानेवारी
रोज लिहिणं जमलं नाही. कामाचा ताण. आज अठ्ठावन्न सह्या केल्या. वाचू का, असं लीगल बघणाऱ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, वाचायला आम्ही आहोत ना, सर. चांगली टीम आहे.

चेअरमनचा रोज सकाळी फोन येतो. झोप लागली का, बीपी किती. पोटच्या मुलाने इतकं विचारलं नाही. हिला सांगितलं. ही म्हणाली, इतकी चौकशी लोक सेकंडहँड गाडीची करतात. हिला माणसं कळत नाहीत.

२ फेब्रुवारी
लायसन्स आलं. टाळ्या. बाईंनी नियम समजावून सांगितला. अट क्रमांक सात: एका डायरेक्टरला प्रसारणाचा वीस वर्षांचा अनुभव हवा. तो माणूस गेला तर चॅनल बंद, नव्या माणसाच्या मंजुरीला नऊ महिने. गेला म्हणजे कसा, मी विचारलं. त्या म्हणाल्या, कसाही, सर.

म्हणजे चॅनल माझ्यावर उभं आहे. मला अंदाज होताच.

१० फेब्रुवारी
कार्यक्रमाची कल्पना दिली. रोज संध्याकाळी अर्धा तास एक जाणकार माणूस खुर्चीत बसून बोलेल. संगीत नाही, चित्रं नाहीत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं जाणकार मी. प्रोग्रामिंगची मुलगी म्हणाली, मस्त आहे सर, फोल्डरमध्ये टाकते. कुठल्या? म्हणाली, तुमच्या. मला स्वतंत्र फोल्डर आहे, हे माहीत नव्हतं.

८ मार्च
लिफ्ट बंद. जिना चढायला लागलो तर ड्रायव्हर ओरडत धावला. चौघांनी खुर्चीसकट चौथ्या मजल्यावर नेलं. सगळं ऑफिस उभं राहिलं. इतका मान केंद्रात स्टेशन डायरेक्टरलाही नव्हता.

संध्याकाळी तपासणी. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आधी लीगलला गेला, मग मला मिळाला. शिस्त.

११ मे
चॅनल सुरू. घरी बसून पाहिलं. उद्घाटनाच्या कार्यक्रमाला बोलावणं नव्हतं. गर्दीत मला त्रास होऊ नये म्हणून असावं. माझ्या अर्ध्या तासाचा पत्ता नाही. सोमवारी चेअरमनला स्पष्ट विचारणार.

१६ मे, सोमवार
चेअरमनला सर्दी. आजारी माणसाला काय विचारायचं.

२३ मे, सोमवार
सर्दी बरी झाली होती, पण चेहरा उतरलेला वाटला. थांबलो.

५ जून
मेहुणा जेवायला आला होता. त्याच्या शेजारच्या गृहस्थांची गोष्ट सांगत होता. निवृत्त साउंड रेकॉर्डिस्ट. दुसऱ्या एका चॅनलने नुसतं अनुभवाच्या अटीपुरतं डायरेक्टर करून ठेवलंय. काम काही नाही. एसीत बसायचं, सही करायची, मरायचं नाही. मेहुणा हसत होता. ही तर डोळे पुसेपर्यंत हसली.

मला झोप लागली नाही. आपल्या व्यवसायात असली शोभेची माणसं!

१४ जून
योग जुळून आला. मंत्रालयाने नव्या नियमांचा मसुदा काढलाय, तीस दिवसांत सूचना मागवल्यात. बसलो लिहायला.

९ जुलै
सूचना पाठवली. पानं बावीस. सारांश: अट क्रमांक सात काढून टाका. तिच्यामुळे चॅनलांत कागदी माणसं पोसली जातात. ती केबिन अडवतात आणि लोक पाठीमागे हसतात. ज्याच्याकडे खरा अनुभव आहे, त्याला चॅनल अटीशिवायही सोडणार नाही.

ऑफिसात सांगितलं नाही. सरप्राइज.

१५ सप्टेंबर
नवे नियम आले. सोबत परिशिष्ट: आलेल्या सूचना चारशे अकरा, स्वीकारलेली एक. माझी! अट सात रद्द. सव्वीस वर्षांत माझा एकही कागद मंजूर होऊन परत आला नव्हता.

तडक चेअरमनकडे गेलो. तेही तेच वाचत होते. म्हणाले, कोणी लिहिलं असेल हो हे? मी म्हणालो, मी. हातातला कागद टेबलावर ठेवला. मग उठून त्यांनी मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, सर, तुम्ही फार मोठे आहात. मी अर्ध्या तासाचं विचारलं. म्हणाले, आता सगळंच नव्याने बघू.

अखेर विषय मार्गी लागला.

१६ सप्टेंबर
सकाळी फोन नाही. नेटवर्क असेल.

दुपारी लीगलच्या बाई आल्या. एकच सही होती. आज मी वाचलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, पाठवण्याआधी एकदा मला दाखवायचं होतं ना हो. माझी भाषा इतकी परिणामकारक आहे, याचं त्यांनाही आश्चर्य वाटलेलं दिसलं.

सही केली. पाटीचे स्क्रू काढायला माणूस आला होता. चारांतला एक निघत नव्हता. मी दार धरलं.

१९ सप्टेंबर, सोमवार
सकाळी साडेनऊ. तयार होऊन बाहेरच्या खोलीत बसलो.

ही म्हणाली, कुठे?

म्हणालो, ठरतंय.

हिने बादली आणून ठेवली. मग म्हणाली, लादी पुसायची आहे. ठरेपर्यंत बूट काढा.